सुप्याचा बाजार आणि रखमाबाईंचा खटला : उदारमतवादाच्या मराठी इतिहासाची प्रस्तावना

उदारमतवादाकडे माणूस सहसा इतिहासाच्या वाटेने येत नाही. कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झालेली पाहून कोणी येतो. जातीबाहेर लग्न ठरवल्यावर घराने आणि गावाने केलेला छळ सोसून कोणी येते. लहानसा कारखाना काढताना परवान्यांसाठी घातलेल्या हेलपाट्यांनी टेकीला आलेला कोणी येतो. मग हाती एखादे पुस्तक लागते, एखाद्या शिबिरात दोन दिवस चर्चा होते, आणि इतके दिवस मनात खदखदणाऱ्या गोष्टीची नीट मांडणी आधीच कोणीतरी करून ठेवली आहे हे कळते: व्यक्तीचे स्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क, कराराची मोकळीक, मर्यादित शासन, कायद्यापुढची समता. इथवर पोहोचलेल्या कार्यकर्त्याचे या अभ्यासात मनापासून स्वागत आहे. तुमची निष्ठा ढिली करावी हा या पानांचा हेतू नाही. ती माझीही आहे.

पण कार्यकर्त्याचे दिवस धावपळीचे असतात. मोर्चा, निवेदन, लेख, वाहिनीवरची चर्चा. त्यात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे अहवाल वाचायला सवड कोणाला, आणि वाचून करायचे काय? याचे नेहमीचे उत्तर असे, की वादात दाखले उपयोगी पडतात. पडतात हे खरे. मात्र समोरच्याकडेही दाखले असतात, आणि दाखल्यांसाठी इतिहासात शिरणारा माणूस आधीच ठरवलेल्या दोन-चार गोष्टी उचलून बाहेर पडतो. तो जसा गेला तसाच परत येतो.

मला वाटते, अभ्यासाचे कारण याहून मोठे आहे. आपण ज्यांना तत्त्वे म्हणतो ती कोणीतरी, कुठल्या तरी पेचात सापडून, कोणाच्या तरी विरोधात मांडलेली असतात. तो पेच ठाऊक नसेल, तर तत्त्व तोंडपाठ असूनही ते लावायचे कुठे हे कळत नाही. संमती हा उदारमतवादाचा कणा. ती खरी केव्हा आणि नावापुरती केव्हा, हे नुसत्या व्याख्येवरून ओळखता येत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोनदा अगदी रोखठोक उभा राहिला: एकदा सुप्याच्या बाजारात आणि एकदा मुंबईच्या हायकोर्टात. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने सुरुवात तिथून करावी असे मी सुचवतो.

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात आसपासच्या गावांतले शेतकरी बाजारासाठी जमले होते. ते सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी मागितले ते कागद: वह्या, खाती, कर्जरोखे. धान्याची लूट झाली, काही ठिकाणी आगी लागल्या. पण दंगल जसजशी पसरली तसतसे तिचे लक्ष्य काय ते स्पष्ट होत गेले. सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. रोखे चव्हाट्यावर जाळले गेले. लोण अहमदनगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्याकडे गेले, सरकारला लष्कर आणावे लागले, नऊशेहून अधिक माणसे पकडली गेली. याची ठिणगी आधीच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी पडली होती. तिथल्या देशमुखाचे कर्ज दीडशे रुपयांचे. सावकाराने हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडले, आणि गावाने सावकारांशी व्यवहार तोडले.

यात उदारमतवाद्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे? रोखा हा करार आहे. कुणब्याने त्याखाली नांगराची निशाणी केलेली आहे. करार मोडला तर उद्या कोणी कोणाला उसने देणार नाही, हे आपण सगळे जाणतो. पण रोख्याच्या मागे थोडे जाऊन पाहा. सारा रोखीत आणि सरकारने ठरवलेल्या मुदतीत भरायचा, पीक हाती येवो न येवो. १८६७ पासून तीस वर्षांच्या जुन्या आकारणीची फेरतपासणी सुरू झाली आणि काही गावांत सारा दीडपटीवर गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते तोवर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि बाजारात पैसा खेळला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. कोर्ट तालुक्याला. कुळाला तारीख कळली तरी जायला जमत नाही, आणि एकतर्फी हुकूमनामे होत राहतात.

त्यातच १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू चांगला होता: व्याजाचा डोंगर साचू नये, जुने रोखे पिढ्यान् पिढ्या कुळाच्या मानगुटीवर बसू नयेत. झाले उलटे. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुदलात घालून. तीन वर्षांनी पुन्हा तेच. कुणब्याला वाचता येत नाही, निशाणी तर करावीच लागते, कारण पुढच्या पेरणीला बियाणे त्याच दुकानातून आणायचे आहे. शासनाने हस्तक्षेप केला की प्रश्न सुटतो असे मानणाऱ्याने हा कायदा जवळून पाहावा. करारावर सही आहे म्हणजे संमती आहे असे मानणाऱ्यानेही तोच पाहावा.

गोष्ट इथे संपत नाही. दंगलीच्या चौकशीसाठी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती होते ते पाहण्याचा अधिकार मिळाला, कर्जासाठी कुळाला तुरुंगात टाकणे बंद झाले, हप्ते बांधून मिळू लागले. मग सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुढे काम करत होते, त्यामुळे हे सारे त्यांनी रोजच्या कामात पाहिले. कर्जाचा प्रश्न नुसत्या मनाईने सुटत नाही, शेतकऱ्याला दुसरीकडून रास्त व्याजाने पैसा मिळाला पाहिजे, हे ओळखून पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेचा प्रयोग करण्याची योजना विल्यम वेडरबर्न यांनी मांडली आणि रानड्यांनी तिला पाठबळ दिले. विलायतेतून ती नामंजूर झाली.

आणखी मागे गेलात तर आपल्या विषयाला थेट भिडणारी एक गोष्ट सापडते. १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने जमीनमहसुलाची आकारणी केली. कंपनीचे अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात तयार होत आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होते. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त नुकताच गाजत होता आणि लंडनमधल्या कंपनीच्या कचेरीत जेम्स मिल त्याचे पुरस्कर्ते होते. प्रिंगलने खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न काढून त्याचा अर्ध्याहून अधिक वाटा सरकारचा ठरवला. सिद्धान्तात खोट नव्हती. पण मातीची प्रत, बियाणे, बैल, मजुरी यांचे आकडे गावपातळीवर कोण गोळा करणार आणि किती खरे देणार? इंदापूर भागात जमिनी पडीक पडल्या, लोक गाव सोडून गेले, आणि काही वर्षांतच गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथेच नव्याने, साध्या पद्धतीने सारा बांधावा लागला. लंडनमधला एक राजकीय-आर्थिक विचार इंदापूरच्या कुणब्याच्या चुलीपर्यंत कसा पोहोचतो, हे इतके उघडे पाहायला फार थोड्या ठिकाणी मिळते.

सुप्याबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो. रविंदर कुमार यांनी या दंगलीत गावगाड्याच्या मोडतोडीचा परिणाम पाहिला, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये लेख लिहून या दंगलीचे महत्त्व फुगवले गेले आहे असा दावा केला. दोघांनाही वाचा. अशा वादात स्वतः पुरावा तोलून पाहण्याची सवय लागली की शिबिरातले टिपण पुरेसे वाटेनासे होते. ती सवय लागणे हेच मला या अभ्यासाचे सर्वांत मोठे फळ वाटते.

आता मुंबई. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये रखमाबाईंवर दावा लावला. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या, कधी नांदायला गेलेल्या नव्हत्या, आणि आता विशीत आल्यावर जायला तयार नव्हत्या. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. लहानपणी, संमतीवाचून झालेल्या लग्नाच्या जोरावर जाणत्या स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर अनेक वर्षे सुरत आणि राजकोटला काम केले.

या खटल्यात जी गोष्ट आजच्या वाचकाला चकवते ती अशी. नवऱ्याने कोर्टात जाऊन बायकोला नांदायला पाठवा अशी मागणी करण्याचा उपाय आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता, आणि पिन्हे यांनी निकालात त्याकडे बोट दाखवले होते. धर्म बुडाला म्हणून रखमाबाईंवर तुटून पडलेली वृत्तपत्रे प्रत्यक्षात इंग्रजी उपायाची पाठराखण करत होती. तोच उपाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून राहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. या कलमावर आज बोलणाऱ्या उदारमतवाद्याला त्याचा हा प्रवास ठाऊक असला पाहिजे, कारण ‘ही आपली परंपरा आहे’ या युक्तिवादाला दुसरे इतके सरळ उत्तर नाही.

रखमाबाईंविरुद्धच्या हुकुमानंतर चार वर्षांनी संमतिवयाचा वाद पेटला. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा केले. परक्या सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये, ही टिळकांची भूमिका. आगरकर कायद्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांनी १८८७ मध्ये केसरी सोडला होता, १८८८ मध्ये सुधारक काढला होता, आणि सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्राही काढली. इथे थांबून पाहावे असे काही आहे. शासनाच्या मर्यादेचा युक्तिवाद या वादात मुलीच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरला गेला, आणि मिल व स्पेन्सर यांच्या वाचनावर वाढलेले आगरकर शासनाच्या बाजूला होते. मर्यादा कोणासाठी आणि कोणाच्या सत्तेला, हा प्रश्न ज्याने सोडला त्याचा युक्तिवाद कोणीही पळवू शकतो. आगरकरांनी तो प्रश्न सोडला नाही. माझ्या मते मराठीत त्यांच्याइतक्या निर्भयपणे व्यक्तीची बाजू मांडणारा दुसरा लेखक झाला नाही.

आगरकर ज्यांना मानत त्या जॉन स्टुअर्ट मिल यांच्याबद्दलही सारे सांगितले पाहिजे. मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होते. कंपनीचे राज्य जाऊ नये म्हणून पार्लमेंटकडे गेलेल्या अर्जाचा मसुदा त्यांचाच. त्यानंतर वर्षभरात त्यांचे स्वातंत्र्यावरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, आणि त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले की हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. हे कळल्यावर काही जण मिलला फेकून देतात, काही जण ते पान मिटून पुढे जातात. पुण्यातल्या वाचकांनी तिसरेच केले. त्यांनी ती अट मानली नाही आणि तत्त्व आपल्याला, आपल्या बायकांना, आपल्या विधवांना लागू केले. दादाभाई नौरोजी तर १८९२ मध्ये लिबरल पक्षाचे उमेदवार म्हणून लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अगदी मोजक्या मतांनी निवडून आले आणि ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या सभागृहात उभे राहून त्यांच्याच तत्त्वांनी त्यांना जाब विचारू लागले. उदारमतवाद हा पश्चिमेकडून आणलेला उसना विचार आहे, असे कोणी म्हटले की मला नेहमी हे वाचक आठवतात. त्यांनी तो घेतला तेव्हा होता त्यापेक्षा मोठा केला.

रानडे मात्र तुम्हाला अडचणीत आणतील, आणि म्हणूनच ते लवकर वाचावेत. त्याच १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थकारणावर व्याख्यान दिले. प्रत्येक माणूस फक्त आपले हित पाहतो, भांडवल आणि श्रम मोकळेपणी हलतात, स्पर्धा सर्वत्र असते, ही इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतके सर्व देशकाळांना लागू नाहीत असे त्यांनी बजावले. फ्रीड्रिश लिस्ट आणि जर्मन विचारवंतांचा हवाला देत उद्योगांना शासनाने मदत करावी असे म्हटले. आज खुल्या अर्थव्यवस्थेचे कार्यकर्ते रानड्यांना आद्य पूर्वज मानतात, आणि नियोजनवादीही मानतात. दोघांनीही ते व्याख्यान पुरते वाचायला हवे. रानड्यांची री ओढायला मी सांगत नाही. माझे स्वतःचे मत शासकीय मदतीबद्दल त्यांच्यापेक्षा अधिक साशंक आहे. पण ज्याने विचारांचा इतिहास वाचून स्वतःला पोथीतून सोडवले तो रानडे मला अतिशय जवळचा वाटतो. मराठी सत्तेच्या उदयावरचे त्यांचे पुस्तक १९०० मध्ये निघाले, म्हणजे राजकारण, अर्थकारण आणि इतिहास ही तिन्ही कामे हा माणूस शेवटपर्यंत एकत्र करत होता.

जोतीराव फुले यांना या परंपरेत धरायचे की नाही यावर वाद आहेत, आणि ते होत राहावेत. गुलामगिरी १८७३ मध्ये निघाली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेली. १८८३ च्या शेतकऱ्याचा असूडमध्ये भटशाहीइतकाच सरकारी सारा, लोकल फंड आणि जंगल खात्यावर प्रहार आहे. तरीही तेच फुले, गोऱ्या-काळ्या पलटणींतले शिपाई आणि जादा पोलीस कामाला लावून सरकारने बंधारे घालावेत, असे सुचवतात. आणि पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेत शूद्रातिशूद्र कुठे आहेत हा त्यांचा प्रश्न तर उदारमतवाद्यांनी कधीच नीट घेतला नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जयंतीला, पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी रानड्यांचे मोठेपण खुल्या मनाने सांगितले, आणि त्याच भाषणात उदारमतवाद्यांना लोकांमध्ये संघटना उभी करता आली नाही हेही सांगितले. फुल्यांचा प्रश्न आणि आंबेडकरांचे निदान शेजारी ठेवून वाचले, तर गेल्या सव्वाशे वर्षांतल्या आपल्या बहुतेक पराभवांचे कारण हाती लागते.

विसाव्या शतकाकडे या पुस्तकातली मोठी प्रकरणे वळतात, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. उदारमतवादी माणसाने सक्ती का मागितली, हे त्या भाषणांतच वाचावे. १९४४ ची मुंबई योजना उद्योगपतींनीच लिहिली आणि तिने शासकीय नियोजनाला हात दिला. तिच्यावर सही करणाऱ्या आठ जणांपैकी ए. डी. श्रॉफ यांनीच पुढे १९५६ मध्ये मुंबईत मुक्त उद्योगाचा पुरस्कार करणारे फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ काढले. १९५९ मध्ये नागपूर काँग्रेसच्या सामुदायिक शेतीच्या ठरावानंतर राजाजी, रंगा, मसानी यांचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला, १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागांपर्यंत गेला आणि चारच वर्षांनी आठवर आला. अनेक ठिकाणी त्याची ताकद संस्थानिकांच्या वलयावर उभी होती. महाराष्ट्रात त्याला पाय रोवता आले नाहीत. शेतकऱ्याच्या जमिनीवरून जन्मलेल्या पक्षाला महाराष्ट्रातला शेतकरी का मिळाला नाही, यावर कोणीतरी चांगला प्रबंध लिहावा.

मीनू मसानींचे फ्रीडम फर्स्ट हे मासिक आणीबाणीत सेन्सॉरविरुद्ध कोर्टात गेले आणि १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकले, याचा आपल्याला अभिमान आहे. ते मासिक ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी जोडलेल्या भारतीय समितीने सुरू केले, त्या संस्थेला अमेरिकी गुप्तचर खात्याकडून पैसा येत होता हे १९६७ मध्ये उघड झाले, हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे. ही दुसरी गोष्ट विरोधकाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकण्याची वेळ कार्यकर्त्यावर येऊ नये. तुम्ही स्वतः ती आधी वाचलेली असेल, तर पहिल्या गोष्टीचे मोलही तुम्ही निश्चिंतपणे सांगू शकाल.

मग शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रसंघाची नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेतीला लागले, आणि कांद्याच्या भावावरून सुरू झालेले काम शेतकरी संघटनेपर्यंत पोहोचले. आंबेडकरांनी जी उणीव दाखवली होती ती या माणसाने भरून काढली: लाखो शेतकरी रस्त्यावर आले, आणि भीक नको, घामाचे दाम हवे असे म्हणाले. सुरुवातीची मागणी उत्पादन खर्चावर आधारित भावाची होती. पुढे संघटना खुल्या बाजाराच्या बाजूने उभी राहिली. हा एकाच विचाराचा विकास होता की दिशाबदल, यावर जुन्या कार्यकर्त्यांतही दोन मते आहेत. त्या वेळची भाषणे आणि ठराव तारीखवार लावून वाचले तर उत्तर मिळेल. स्वतः जोशींनी शिवाजीमहाराजांकडे आणि फुल्यांच्या असुडाकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहणारे लेखन केले आहे, आणि तेही या अभ्यासाचाच भाग आहे.

नव्या अभ्यासकाला एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्यांचा राग येतो त्यांचे लेखन मूळ रूपात वाचा, उताऱ्यांत नको. संमतिवयाच्या वादात टिळकांचे अग्रलेख वाचल्याखेरीज आगरकरांचे धैर्य कळणार नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड छापली ती गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरे धुंडाळून. आपल्या विषयाची दफ्तरे अजून कोणी धुंडाळलेली नाहीत. दख्खनच्या दंगलीचा अहवाल छापील आहे. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक १८७८ पासूनचे आहे आणि जुन्या ग्रंथालयांत पाहायला मिळते. पण विसाव्या शतकातल्या चळवळींचे कागद घरांत, पेट्यांत, वाळवीच्या तोंडी आहेत.

सगळ्यांत तातडीचे काम स्त्रियांचे आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला: शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला काही हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावावर करून द्यायचा. मालमत्तेचा हक्क हे तत्त्व मराठी शेतकऱ्याच्या घरात, कुठल्याही कायद्याच्या सक्तीशिवाय शिरले ते बहुधा इथेच पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर. पुढे काय झाले? नाव सातबाऱ्यावर किती ठिकाणी खरोखर चढले, बाईने ती जमीन स्वतः कसली का, तिच्यावर कर्ज काढताना तिला कोणी विचारले का, मुलांनी वाटणी करताना ते नाव राहिले का? सुप्यातल्या रोख्यावरच्या निशाणीला आपण जे प्रश्न विचारले तेच इथेही विचारावे लागतील, फक्त या वेळी उत्तर देणारी माणसे समोर आहेत. त्यांतल्या कित्येक जणी आता सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या तालुक्यात असे एखादे गाव असेल, तर तलाठ्याकडे १९९० च्या आसपासच्या फेरफार नोंदी, म्हणजे गाव नमुना सहा, पाहायला मागा, नावे उतरवून घ्या, आणि त्या बायांकडे या पावसाळ्याआधी जाऊन या.